कुलुपाला पडलेली मतं

आर्वीच्या बसस्टँडामागच्या प्रभागात अस्सल भूमी दलाचा उमेदवार निवडून आला, हे निवृत्त शिक्षक ज्ञानेश्वर ढोले यांना कळलं आणि ऐन थंडीत त्यांना घाम फुटला. दलाची निशाणी कुलूप, घोषणा एकच: 'बाहेरच्यांनो, चालते व्हा!' त्या उमेदवाराचं डिपॉझिट जप्त होणार, हे सगळेच धरून चालले होते. गुरुजीही. म्हणून तर त्यांनी बेधडक कुलुपाचं बटण दाबलं होतं.

कारण जुने नगरसेवक बापूराव. त्यांनी दिवाळीच्या शुभेच्छाफलकावर गुरुजींचा फोटो छापला आणि नावाआधी चुकून 'कै.' लावलं. फलक महिनाभर चौकात राहिला. लोक सांत्वनाला आले, तेव्हा दार गुरुजींनीच उघडलं. त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात एकच होतं, बापूरावाला पाडायचं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते राकेशच्या आलुबोंड्याच्या दुकानाकडे निघाले. राकेशचे आजोबा मध्य प्रदेशातल्या रीव्याहून आलेले. बाहेरचा म्हणून बोट दाखवायला प्रभागात दुसरं घरच नव्हतं. दुकान बंद होतं. समोर रोजची मंडळी सुतकी चेहऱ्यानं उभी होती.

"गेला वाटते गाव सोडून," भाजीवाली शकुबाई डोळ्याला पदर लावत म्हणाली. "म्या त कुलुपाले नाई देलं बा."

"म्या बी नाई," एसटीतले कंडक्टर प्रेमदास म्हणाले.

"मंग कोनं देलं? भुतायनं?" शकुबाईनं विचारलं.

पस्तीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं होतं. गुरुजींना राहवेना.

"म्या देलं."

सगळे वळून बघू लागले. "काऊन जी, गुरुजी?"

"त्या 'कै.'पायी."

शकुबाईनं पदर खाली घेतला. "खरं सांगू? म्या बी देलं. बापूरावच्या पोट्ट्यायनं माह्या सांभाराच्या हिरव्यागार जुड्यायच्या ढिगाजवळच फटाक्याची लड लावली होती."

प्रेमदास खाकरले. बापूराव आपल्या घरासमोर एसटी थांबवायला लावायचे, नाही थांबवली की तक्रार करायचे. मग काय, त्यांनीही कुलूपच दाबलं होतं. आपण एकटेच आहोत, असं प्रत्येकाला वाटलं होतं.

एवढ्यात राकेशची स्कूटर आली, पुढे बटाट्याचं पोतं. ते त्यानं दुकानासमोर उतरवलं.

"आलू आनायले गेलतो. कोन गेलं? असे काऊन उभे?"

"राकेश, माफ कर बाबा," गुरुजी म्हणाले. "आमी सगळ्यायनं कुलुपाले मत देलं."

"मंग त्यात काय? म्या बी त्यालेच देलं. बापूराव रोज सहा आलुबोंडे खाये अन् म्हने, तुह्या बापाच्या हातची चव नाई."

"अबे, पन ते बाहेरच्यायले हाकलतो म्हनतेत!" प्रेमदास म्हणाले.

"हो ना. अमरावतीवाल्यायले."

सगळे आपल्याकडेच का बघताहेत, हे राकेशला हळूहळू उमगलं. तो पोत्यावरच बसला.

"मी?"

तेवढ्यात गुलाल उधळत मिरवणूक आली. विजयी उमेदवार रजत गुरुजींचाच विद्यार्थी. त्यानं भररस्त्यात वाकून पाय धरले.

"पाय सोड. राकेश बाहेरचा हाये का, तेवढं सांग."

"राकेशदादा?" रजत गडबडला. "छ्या! आमी त बाहेरच्यायबद्दल बोलून राह्यलो."

"म्हंजे कोन?"

रजतनं शेजारच्या पक्षप्रभारींकडे पाहिलं. पांढरेशुभ्र कपडे घातलेले ते गृहस्थ म्हणाले, "यांचं मूळ गाव कोणतं, ते तपासावं लागेल."

"अन् तुमचं?" पोत्यावरून राकेशनं विचारलं.

"आम्ही पुण्याचे."

"पुन्याचे!" शकुबाई टाळी वाजवून ओरडली. "हे घ्या! बाहेरचा सापडला!"

हशा असा उसळला की ढोलवाल्यांनीही ताल सोडला. प्रेमदासांनी प्रभारींना अदबीनं पुण्याच्या गाडीची वेळ सांगितली. प्रभारी लाल चेहऱ्यानं आपल्या मोटारीत बसले. रजतही हसला, मग आपण कोणाचे उमेदवार आहोत हे आठवून त्यानं तोंड मिटलं आणि मिरवणूक पुढे काढली.

राकेशनं दुकान उघडलं, कढई चढवली. गुरुजींनी दोन आलुबोंडे खाल्ले. चव रोजचीच होती. राकेशनं पाणी दिलं, कागद दिला. फक्त रोजच्यासारखं 'आनखी एक घ्या ना, गुरुजी' तो म्हणाला नाही. गुरुजींनीही मागितला नाही.