देऊन टाकलेली लेक

तुमिरा जावाहून तैवानात आली, ती आपोला सांभाळायला. आपो म्हणजे आजी. तिला न्हाऊ घालणं, भरवणं, कूस बदलून देणं करता करता तुमिराला म्हातारीची हाक्का बोलीही येऊ लागली. पुढे आपोचं भान सुटत गेलं आणि ती तुमिराला 'किममोई' म्हणू लागली. किममोई तिची थोरली लेक. दूध सुटायच्या आतच दुसऱ्याच्या घरी सून म्हणून वाढायला देऊन टाकलेली.

"किममोई, जेवलीस का गं?"

"जेवले, आई," तुमिरा म्हणे. तिची स्वतःची लेक तिकडे जावातल्या गावी, आपल्या आजीपाशी वाढत होती.

आता व्हिसा वाढणार नव्हता. परदेशी माणसाला या कामावर जितकी वर्षं राहू देतात, तितकी भरली होती. आपोच्या मुलाने कचेरीत खेटे घातले, पण हात हलवत परत आला.

शेवटच्या रविवारी तुमिरा बसने शेजारच्या गावी गेली. तिथे बाजारात किममोईचं टोफूचं दुकान होतं. म्हातारपणाने तिलाही गाठलं होतं.

"मावशी, आई तुमची फार आठवण काढते."

"देऊन टाकलं तेव्हा नाही का आली आठवण?" किममोईची सुरी थांबली नाही. "आणि तू कोण गं मध्ये बोलणारी?"

"तुमच्या नावाने हाक आली की ओ देते, ती मी. पण मी आता चालले. पुढे कोण ओ देणार?"

किममोईने सुरी खाली ठेवली. टोफूची पुडी तेवढी पुढे सरकवली. "दात नसतील तिला. हा मऊ आहे."

तुमिरा निघायच्या सकाळी किममोई दारात येऊन उभी राहिली. तिला पाहताच आपोने तुमिराचा हात घट्ट धरला.

"किममोई, ही बाई कोण गं?"

तुमिराने तिचा हात थोपटला. "आपलीच आहे, आई. आज ती भरवेल तुला."

किममोईचा चेहरा उतरला. तरी तिने पेजेची वाटी उचलली, फुंकर घालून चमचा पुढे केला. आपोने तोंड उघडलं, तेव्हा तुमिराने हळूच हात सोडवून घेतला.

गावी परतल्यावर महिन्याभराने तिने आपोच्या मुलाला फोन लावला.

"ताई येते अधूनमधून," तो म्हणाला. "आई तिच्या हातून जेवतेसुद्धा. पण ताई समोर असली तरी दिवसभर किममोई, किममोई चालूच असतं."



"दादा, जरा आईच्या कानाशी धरा ना फोन."

पलीकडे आपोचा श्वास ऐकू आला. "ओ, आई," तुमिरा म्हणाली.