आंतोबामने न मागितलेली माफी

"माफी मागू? कशाची?" प्राध्यापक याव आंतोबामने हातातला फुफूचा घास पुन्हा वाडग्यात टाकला. "विमान पडलं नाही याची?"

त्याची थोरली बहीण पोकुआ चुलीपाशी बसली होती. तिने मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"माझ्या अंगावर ओरडू नकोस. निरोप नानांनी धाडलाय, मी नाही. मंत्री शनिवारी दरबारात येणार आहे. तू पुढे व्हायचं, त्याच्यापुढे दोन नरम शब्द बोलायचे, की तुझी विमानाची शाळा आपल्या अद्वेनासेत उभी राहिली. जागा नाना देणार, सही मंत्री करणार. आणखी काय हवंय, पालखी?"

नाना म्हणजे गावचा राजा. त्याचा निरोप म्हणजे विचारणा नव्हे, हे आंतोबामला कळत होतं. पण त्याचं डोकं फिरलं ते माफीच्या नावाने.

याच गावात, कोकोची पोती तोलणाऱ्या बापाच्या घरी तो जन्मला. मिशनच्या शाळेतून परदेशी गेला, अर्थशास्त्र शिकला, आणि तिकडची चांगली नोकरी सोडून देशाच्या विमान कंपनीत तिकिटांच्या खिडकीवर येऊन बसला. लोक हसले. त्याने हसू दिलं. विमानांना उशीर का होतो ते त्याने त्या खिडकीतूनच शिकून घेतलं आणि केसांत पांढरं यायच्या आत तो कंपनीचा प्रमुख झाला. मंत्र्यांच्या भाच्यांची फुकट तिकिटं त्याने बंद केली. बसलेल्या प्रवाशाला उठवून साहेबाच्या मेव्हणीला जागा द्यायची रीत मोडली. विमानं वेळेवर सुटू लागली आणि आंतोबामला शिव्या देणारे वाढत गेले.

मग वाहतूक मंत्री बोअम्पोंगची आई वारली. दफन कुमासीला होतं, आणि राजधानीतले पाहुणे न्यायला मंत्र्याला विमान हवं होतं. मोकळं असं एकच होतं. त्याच्या इंजिनाच्या तेलाच्या गाळणीत आदल्या संध्याकाळी धातूचा कीस निघाला. आंतोबामने तो स्वतः बोटावर घेऊन पाहिला. आत काहीतरी झिजत होतं, आणि ते कधी तुटेल हे कुणालाच सांगता आलं नसतं.

"अरे, पाऊण तासाचं तर उडणं आहे!" मंत्री फोनवर किंचाळला.

"पडायला तेवढाही वेळ लागत नाही, साहेब."

शोकाच्या काळ्या-लाल कपड्यांतले पाहुणे खड्ड्यांच्या रस्त्याने गेले आणि मातीचं काम उरकल्यावर पोचले. महिन्याभरात आंतोबामची खुर्ची गेली. पुढे मंत्र्यांच्या माणसांनी कंपनी पुरती बुडवली, आणि बुडवली कुणी, तर आंतोबामने, असं गावोगाव झालं. मेलेल्या बाईच्या वाटेत आडवा आलेला माणूस! त्याच्या स्वतःच्या गावात लोक त्याला विचारत, "पण पडलं होतं का रे ते विमान?" नाही पडलं. "मग?" या "मग"ला काय उत्तर द्यायचं? उडू दिलं नाही म्हणूनच पडलं नाही, हे इतकं साधं असून कुणाच्या गळी उतरत नव्हतं.

तेव्हापासून तो विद्यापीठात विमान कंपन्या कशा चालवाव्यात हे शिकवत होता. त्याचे विद्यार्थी आज कितीतरी देशांचे विमानतळ सांभाळत होते. पण वर्ग भरत होता तो शेतकी विभागाच्या उसन्या खोलीत, आणि उघडून दाखवायला एक जुनं इंजिनसुद्धा नव्हतं. या वर्षी तो निवृत्त होणार होता. स्वतंत्र शाळा झाली नाही, तर विद्यापीठ तो वर्गच गुंडाळणार होतं.

"जातो," तो शेवटी म्हणाला. "पण जे घडलं तेच सांगेन. भर दरबारात, मंत्र्याच्या तोंडावर."

"सांग, सांग," पोकुआ म्हणाली. तिने वाद घातला नाही, तेव्हाच त्याला शंका यायला हवी होती.

शनिवारी मोठ्या छत्रीखाली नाना बसले होते. शेजारी बोअम्पोंग, अंगभर केंटेचं रंगीत वस्त्र गुंडाळून, फुगलेला. तो पुन्हा मंत्री झाला होता आणि नवी विमान कंपनी काढायला निघाला होता. मागच्या बाकांवर आंतोबामचे विद्यार्थी बसने येऊन बसले होते. आंतोबामने चपला काढल्या, खांद्यावरचं वस्त्र खाली घेतलं आणि पुढे झाला.

राजाशी कुणी थेट बोलत नाही. आपलं म्हणणं ओच्यामेला हळू सांगायचं; तो सोन्याच्या मुठीची काठी धरून ते मोठ्याने राजाच्या कानी घालतो. आंतोबामला हे लहानपणापासून ठाऊक होतं. पण अर्धं आयुष्य बैठकांत आकडे मांडण्यात गेलेला माणूस. आपण दिलं ते जसंच्या तसं पुढे जातं, अशी त्याला सवय लागली होती.

"नानांना सांगा," तो म्हाताऱ्या ओच्यामेला, दान्सोला, म्हणाला, "त्या इंजिनाच्या तेलात धातूचा कीस होता. सत्तावीस माणसं बसणार होती. मी उडू दिलं नाही. उद्या तीच वेळ आली, तरी उडू देणार नाही."

दान्सोने मान डोलावली, घसा साफ केला आणि आवाज लावला.

"नाना, तुमचं लेकरू आंतोबाम म्हणतं की तेव्हा रक्त गरम होतं. शोकाच्या घरी विमान पोचलं नाही, हा काटा आजवर त्याच्या छातीत रुतलाय. थोरल्यांपुढे तो मान झुकवतो."

ढोल घुमले. बायकांनी आनंदाने पांढरी पूड उधळली.

"मी हे बोललो नाही!" आंतोबाम दातओठ खात पुटपुटला.

"तू बोललास ते राजापुढे मांडायचं नसतं, बाळा," दान्सो ओठ न हलवता म्हणाला. "मग मी कशाला आहे इथे? उभा राहा नीट. हस जरा."

ओच्यामेच्या तोंडून निघालं ते निघालं. ते खोडून काढणं म्हणजे राजाला खोडून काढणं. आंतोबाम घामाघूम होऊन उभा राहिला.

बोअम्पोंग उठला. "मी मनात काही ठेवलेलं नाही," तो म्हणाला. "आमच्या प्राध्यापकाला उशिरा का होईना, उमगलं. ते विमान उडायला हवं होतं! नव्या कंपनीत असला नन्नाचा पाढा चालायचा नाही. पोरांनो, तुमच्या गुरूकडून हेच शिका. मंत्री म्हणेल तेव्हा विमान उडेल!"

लोक हसले. मागच्या बाकांवरचे विद्यार्थी आंतोबामकडे बघत होते, हसावं की नाही ते न कळून. दोघातिघांनी तर वहीत काहीतरी लिहूनही घेतलं.

तेवढ्यात दरबारचा एक सेवक तबक घेऊन आला. तबकात जिनच्या दोन बाटल्या होत्या; आपल्याच घरच्या, हे आंतोबामने ओळखलं. पितरांच्या नावाने जमिनीवर ओतायला दारू आल्याशिवाय माफी पुरी होत नाही, म्हणून पोकुआने त्या गुपचूप आणून दिल्या होत्या. सेवक नानांच्या पायाशी वाकणार, एवढ्यात आंतोबाम पुढे झाला आणि त्याने दोन्ही बाटल्या उचलून काखेत मारल्या.

ढोल थांबले.

तो राजाशी बोलला नाही. रीत त्याने मोडली नाही. तो दान्सोकडे वळला.

"ओच्यामे, शब्द तुमचे होते. ही जिन माझ्या घरची आहे आणि ती मी घरी नेतोय. आता हे गोड करून सांगा नानांना."

दान्सोने हातातली काठी खाली केली. बाटली परत गेली की माफी परत गेली. ते तिथल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. नानांनी तोंड फिरवलं. बोअम्पोंग "म्हातारा सटकलाय!" म्हणत वस्त्र सावरत निघाला. शाळेचं नाव पुन्हा कुणी काढणार नव्हतं.

राजवाड्याच्या फाटकाबाहेर पोकुआने त्याला गाठलं.

"नाक कापलंस माझं! उद्या बाजारात मला सुकी मासळी तरी कुणी विकेल का?"

"नाही विकणार."

"शाळा गेली."

"गेली."

"मग मिळवलंस काय, गाढवा?"

त्याने काखेतल्या बाटल्या सावरल्या. त्या एकमेकींवर वाजल्या. पोकुआ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिने जे विचारलं, ते इतक्या वर्षांत गावात कुणीच विचारलं नव्हतं.

"खरंच पडलं असतं का रे?"

"पडलंच असतं असं नाही. पडू शकलं असतं. तेवढ्यावर माणसं बसवायची नसतात, अक्का."

"मग हे धडधडीत सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं. दान्सोने साखर घातली."

"आणि तो गोलमटोल मंत्री तिथे छाती काढून म्हणतोय की उडायला हवं होतं? पोरांसमोर?" पोकुआचा आवाज चढला. तिने कमरेचं वस्त्र घट्ट खोचलं आणि फाटकाशी बसलेल्या मासळीवाल्यांकडे मोर्चा वळवला. फाटकाबाहेर ओच्यामे नसतो. "ए बायांनो! आत गोड ऐकलंत ना? आता माझ्याकडून तिखट ऐका! माझ्या भावाने शंभर माणसं वाचवली—"

"सत्तावीस, अक्का!" आंतोबाम मागून ओरडला.

"तू गप रे! तुला बोलता येत नाही!"