लोरीन गाडीत काय बोलते

"पण तुला हे आत्ताच का सुचलं, व्हर्न?" गाडीखालून आव्हिलाने विचारलं. त्याचे फक्त बूट दिसत होते.

"पेट्रोल वाचेल," व्हर्नन टॅकेट म्हणाला.

हे साफ खोटं होतं. पण खरं सांगितलं असतं, तर या जुन्या दोस्ताने जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या सगळ्यांकडून त्याची यथेच्छ टिंगल करवली असती.

गाडी म्हणजे एकोणीसशे बत्तीसची फोर्ड. मडगार्ड काढून टाकलेली, इंजिन उघडं. तरुणपणी वाळवंटातल्या सुक्या तळ्यांवर शर्यती करायला त्याने ती बांधली. पुढे मनुक्यांच्या कारखान्यात यंत्रांचे पट्टे दुरुस्त करण्यात जन्म गेला, तरी विकली नाही. धावायची झक्कास, पण हायवेला लागली, की इंजिन असं किंचाळायचं, की शेजारी बसलेल्याचं एक अक्षरही ऐकू येत नसे. आणि सगळं तिथेच तर अडलं होतं.

घरात लोरीनचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, बोलणं मोजकं. जेवायला ये, नळ गळतोय, संपलं. पण रविवारी आपल्या सेल्मा गावाहून डोंगराकडे निघाले, की गाडीने वेग घेतल्याबरोबर बाईसाहेबांचे ओठ हलायला लागायचे. समोर रस्त्याकडे बघत ती बोलतच राहायची, मधूनच हसायचीसुद्धा. घरी आल्यावर विचारलं तर, "काही नाही रे, असंच." इतकी वर्षं त्याने सोडून दिलं. निवृत्त झाल्यावर मात्र हे कुतूहल त्याला स्वस्थ बसू देईना. ही बया बोलते तरी काय? आपल्या तक्रारी? मग हसते कशाला?

म्हणून हा ओव्हरड्राइव्ह. गिअरबॉक्सच्या शेपटीला बसवायचा जादा डबा. चाकं तेवढीच फिरतात, इंजिन मात्र दमाने चालतं. बाजारात नवे गिअरबॉक्स होते की, पण क्लबचा दंडक आडवा आला. पन्नासच्या दशकातल्या पोरांना भंगारात मिळाली नसती अशी वस्तू गाडीला लावायची नाही. मागे एकाने लावली, तर सहलीला त्याची गाडी सगळ्यांनी संडासाजवळ उभी करायला लावली होती. तेव्हा टुलेरी गावच्या भंगारातून जुन्या सेडानचा डबा शोधून आणला आणि दोघांनी मिळून बसवला.

पहिल्या फेरीत तो लागेचना. व्हर्ननने तारा तपासल्या, सगळं खोलून परत जोडलं, चिडचिड केली. शेवटी आव्हिला त्याच्या शेजारी बसून आला आणि पोट धरून हसला.

"लेका, वेगात आल्यावर क्षणभर पेडलवरून पाय उचलायचा असतो. पाय उचलल्याशिवाय तो लागतच नाही."

व्हर्नन तळ्यांवरच्या शर्यतींत वाढलेला माणूस. भर वेगात पाय उचलणाऱ्याला तिथे भित्रा म्हणत. त्याच्या हे डोक्यातच आलं नव्हतं.

रविवारी त्याने लोरीनला काही सांगितलं नाही. संत्र्यांच्या बागा मागे पडल्या, इंजिन किंचाळू लागलं, लोरीन बोलू लागली. व्हर्ननने पाय उचलला. खट् झालं आणि इंजिनचा आवाज एकदम खाली बसला.

"...आणि तुझ्या बाबांनी ते जर्दाळूचं झाड शेवटी तोडलंच रे, डेल. मी नको म्हणत होते."

लोरीन थांबली.

डेल त्यांचा मुलगा. शाळेत असतानाच पाटाच्या पाण्यात बुडाला. दफन करून आल्यावर व्हर्ननच स्वयंपाकघरात म्हणाला होता, की या घरात त्याचं नाव काढू नकोस, मला सोसणार नाही. लोरीनने ते पाळलं. घरात पाळलं.

"हे काय केलंस?" तिने हळूच विचारलं. शब्द न् शब्द ऐकू आला.

"जादा गिअर बसवलाय. आवाज कमी व्हावा म्हणून."

"बरं झालं," ती म्हणाली आणि मांडीवरची पर्स घट्ट धरून खिडकीबाहेर बघत बसली.

आता फक्त टायर वाजत होते. बोल ना, असं त्याला म्हणायचं होतं. डेलचं नाव घ्यायचं होतं, पण जीभ उचलेना. त्याला स्वतःची लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर तिचा हेवाही वाटला. इतकी वर्षं पोरगा हिच्याजवळ होता, आपल्याजवळ नव्हता.

"हा बंदही करता येतो," तो म्हणाला.

लोरीनने त्याच्याकडे पाहिलं.

व्हर्ननने पाय तळापर्यंत दाबला आणि डॅशबोर्डखालची त्या डब्याची मूठ बाहेर ओढली. इंजिन पुन्हा किंचाळू लागलं. त्याने नजर रस्त्यावरून हलवली नाही. बऱ्याच वेळाने डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला तिचे ओठ हलताना दिसले. घराकडे वळायचा फाटा आला, तेव्हा तो न वळता सरळ पुढे गेला.