नाथबाबांच्या पाठीवरची पट्टी

भिंगारच्या बाजारात आमचं चौकटींचं दुकान होतं. आमचे हे, फक्रुद्दीन, देवांच्या तसबिरी, मक्केचं चित्र, लग्नाचे फोटो, जे येईल ते काचेत बसवून देत. छावणीतल्या गोऱ्या साहेबांच्या मेसचं कामही त्यांच्याकडेच असे. लढाई संपली आणि ती पलटण विलायतेला परत निघाली. मेसचं सामान पेट्यांत भरायला लागले. त्यात जुन्या सेनापतींची चार चित्रं होती. एकाच्या चौकटीला वाळवी लागली होती, म्हणून तेवढं आमच्याकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त होऊन परत गेलं. आणि मग शिपाई येऊन यांना चौकीत घेऊन गेला. खरं चित्र कुणाला तरी विकलं आणि त्या जागी नकली बसवलं, असा आरोप.

मी मेसच्या व्हरांड्यात जाऊन बसले. हेडक्लार्क आप्पासाहेब ओळखीचे होते. ते म्हणाले, "सरवरीबी, इथं रडून काय होणार? चित्रं पारखायला पुण्याहून शेठ आलेत. त्यांनी खोटं म्हटलं तर खोटं."

"मग मला त्यांच्यासमोर न्या."

"आणि तू काय सांगणार त्यांना? तुला चित्रातलं काय कळतं?"

"काही नाही कळत. म्हणून तर विचारायचंय."

शेठ पारशी होते, वय झालेले. चारी चित्रं टेबलावर काचेबाहेर काढून ठेवली होती. मला हाकलतील असं वाटलं होतं, पण त्यांनी जवळ बोलावलं. पहिल्या चित्राच्या कडेला माझं बोट धरून फिरवलं.

"काय लागतं?"

"खोलगट लागतं. पायरीसारखं."

"बरोबर. हे तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं आहे. ओल्या कागदावर पत्रा दाबतात, त्याची ही कड उमटते. चारी बाजूंनी असते. आता सेनापतीच्या कोटावर हात फिरव. शाईची रेघ वर आलेली लागते ना? खाली कोरणाऱ्याचं नाव असतं. कागदही बघ, जुना, पिवळा." मग त्यांनी चौथं चित्र पुढं ओढलं. "इथं कड नाही. शाई सपाट. नाव नाही. कागद पांढरा. हे नंतर कुठल्या तरी छापखान्यात उतरवलेलं स्वस्त चित्र आहे. आणि चलाखी बघ, जुनं वाटावं म्हणून खालच्या कडेला वाळवीचं अर्धं भोकसुद्धा पाडलंय."

मी पाहिलं. ते म्हणत होते ते सगळं खरं होतं.

"उद्या दुपारच्या गाडीनं मी जाणार," शेठ म्हणाले. "जाण्याआधी साहेबांना लिहून द्यायचंय. तुझ्या नवऱ्यानं खरं चित्र कुठं दिलं ते सांगितलं तर सुटेल."

मी भाकरी घेऊन चौकीत गेले. यांचा चेहरा सुजला होता. गजातून मी सगळं सांगत गेले, आणि हे ऐकता ऐकता खालीच बसले.

"चित्र तेच आहे गं," म्हणाले. "पुठ्ठ्याला चिकटून बसलं होतं, म्हणून पाण्यात घालून सोडवलं. पिवळं पाणी गेलं, कागद कसा स्वच्छ निघाला. सुरकुत्या पडू नयेत म्हणून ओला असतानाच फरशीखाली दाबला. मेसनं दिलेली चौकट लहान होती. मग कडा कापल्या."

"नाव कापलं?"

"कॅलेंडरवरचं दुकानाचं नाव नाही का आपण कापत? गिऱ्हाईक स्वतःच म्हणतं, देवाखाली तेलवाल्याचं नाव नको. मला वाटलं, साहेबांच्या खाली पण कुणा छापखानेवाल्याचंच असेल."

जेवढं काम त्यांनी मन लावून केलं होतं, तेवढं ते चित्र खोटं ठरलं होतं.

"कापलेल्या पट्ट्या कुठं आहेत?"

"बारीक होत्या त्या खळ शिजवताना चुलीत गेल्या. खालची रुंद होती. कागद जाड, चिवट..." ते मग गज धरून उभे राहिले. "ती मी गोरक्षच्या तसबिरीला लावली. धूळ जाऊ नये म्हणून मागनं लावतो ना, तशी. घोडेगावचा गोरक्ष, जनावरांचा दलाल. कानिफनाथाची तसबीर."

मी तशीच मोटार अड्ड्यावर गेले. इमामपूरच्या घाटात मोटार गरम होऊन थांबली, उतारू खाली उतरून विड्या ओढत बसले, आणि मी रस्त्यावर उभी राहून ड्रायव्हरच्या तोंडाकडे बघत राहिले. घोडेगावला पोहोचले तेव्हा ऊन कलतं होतं. गोरक्ष बाजारात होता. घरी त्याची आई झुंबरबाई गोठा झाडत होती. मी सगळं सांगितलं. ती खराटा टेकवून ऐकत राहिली.

"म्हंजी तुज्या दादल्यानं माज्या नाथबाबाला साहेबाच्या कागदानं बांधलाय व्हय?"

"चूक झाली मावशी."

"लेकानं मढीला न्हेऊन, देवाच्या पायाला लावून आणलीया ती तसबीर. तवापासनं खिळ्यावरनं काढली न्हाई. आन तू म्हनतीस, फोडू द्या."

"फोडायची नाही. तोंडाला मी हात लावणार नाही. फक्त पाठीची पट्टी."

"देवाची पाठ उघडी करायची?"

मी तिथंच शेणात बसले. म्हटलं, "मावशी, उद्या दुपारनंतर ती पट्टी माझ्या काही कामाची नाही. मग तुमच्या देवाच्या पाठीवर जन्मभर राहू द्या."

झुंबरबाईनं हात धुतले. घरात जाऊन स्वतः तसबीर उतरवली, पदरानं पुसली आणि चौपदरी घोंगडीवर पालथी घातली. "तू लांब बस. मी सोडविते. काय पानी लावायचं?"

"कोमट. फडक्यानं. हळू."

"लेकराला न्हाऊ घालती मी, मला शिकवू नगं."

खळ भिजायला वेळ लागला. एक पट्टी सुटली, दुसरी सुटली, तिसरी सुटताना टर्रकन आवाज झाला. चार पट्ट्या घोंगडीवर ओल्या पडल्या, सगळ्या खळीनं माखलेल्या. तीन कॅलेंडरांखालून कापलेल्या असणार, एक साहेबांच्या चित्राची. सगळ्यांवर अक्षरं होती. मला तेव्हा एकही अक्षर येत नव्हतं, मराठी नाही आणि इंग्रजीही नाही. मी शेठनं शिकवल्यासारखं बोट फिरवलं. काही लागेना. पुन्हा फिरवलं. जन्मभर राखेनं भांडी घासून बोटं दगड झाली होती. तिकडं शेठच्या टेबलावर पायरी लागली होती, पण ती कोरडी आणि ठसठशीत होती. इथं ओलं, दबलेलं कागदाचं चिंधूक.

ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मी एकेक पट्टी उचलून ओठाला लावली आणि हळूच ओढली.

झुंबरबाई म्हणाली, "अगं बया, कागदाचा मुका घेतीया का काय!"

तिसऱ्या पट्टीला ओठ अडला. बारीक, दबलेली, पण पायरी होती. ती पट्टी मी उजेडाकडं धरली. तिच्या वरच्या कडेला अर्धं भोक होतं.

मग मला हुंदका आवरेना. झुंबरबाईनं ती पट्टी माझ्या हातातून काढून घेतली. "आसवं सांडतील त्येच्यावर," म्हणाली. पोलक्याच्या कोऱ्या खणात घडी न पाडता गुंडाळून दिली. बाजारातून आलेल्या गोरक्षनं मला नगरकडे निघालेल्या शेळ्यांच्या लॉरीत बसवून दिलं. शेळ्या खणाचा वास घेत होत्या आणि मी तो छातीशी धरून, डोक्यावर उंच करून, पुन्हा छातीशी धरून आले.

दुसऱ्या दिवशी शेठची बॅग बांधून तयार होती. त्यांनी भिंग काढलं. पट्टी चित्राच्या खाली सरकवली. अर्ध्या भोकाला अर्धं भोक मिळालं आणि वाळवीनं खाल्लेली एक गोल खिडकी तयार झाली. शेठनी दोन्ही कागद उजेडाकडं धरून त्यांच्या पोतातल्या उभ्या रेषा जुळवून पाहिल्या.

"खरं आहे," शेवटी म्हणाले. "हेच ते चित्र. मी चुकलो." मग चष्मा काढला. "पण आता याला कोण खरं म्हणणार? मेलं हे. चोरानं नेलं असतं तर कुठं तरी जिवंत तरी राहिलं असतं."

आप्पासाहेब म्हणाले, "म्हणजे चोरी नाही."

"चोरी नाही. लिहून देतो."

यांना सोडलं. मेसमध्ये आणून उभं केलं, साहेबांपुढं माफी मागायला. टेबलावर चित्र आणि त्याखाली पट्टी तशीच होती. यांनी ती पाहिली आणि माफीचं विसरून म्हणाले, "शेठ, थोडी खळ मिळाली तर मी आत्ता जोडून देतो. कळणारसुद्धा नाही."

शेठनी दोन्ही हात चित्रावर आडवे धरले. "नको. बाबा रे, तू आता हात लावू नकोस."

ते ऐकल्यावर यांची मान जी खाली गेली, ती चौकीतल्या मारानंही गेली नव्हती.

पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही घोडेगावला गेलो. झुंबरबाईनं तसबीर तोंड भिंतीकडं करून, उघड्या पाठीवर जुन्या लुगड्याचा धडपा टाकून ठेवली होती. यांनी खळ कालवली, खाकी कागद पसरला, पट्टी मोजली. पातं हातात घेतलं आणि थांबले. कागदाच्या कडेवरून बोट फिरवत राहिले. इकडून तिकडं, तिकडून इकडं.

झुंबरबाई वाट बघून बघून म्हणाली, "आरं काप की. त्यो दुकानातला कागद हाय, साहेबाचा न्हाई."

"हां मावशी," हे म्हणाले. पण पातं काही टेकेना.

मी त्यांच्या हातातून पातं काढून घेतलं आणि पट्टी कापली. चारी पट्ट्या मीच कापल्या. चिकटवल्या त्यांनी.

त्यानंतर दुकानात कापायचं काम माझ्याकडेच राहिलं.