चोपन्न गुणांचं पान

मित्रांनो, मी आता थकलेली, कडा झिजलेली एक गुणवही आहे. अमेरिकेत आयोवातल्या एका छोट्या कॉलेजात बास्केटबॉलच्या सामन्यात कोणी किती गुण केले, ते माझ्यावर लिहीत. सध्या मी काचेच्या कपाटात असते. वर्षानुवर्षं एकाच पानावर उघडी राहून माझी पाठ भरून आली आहे.

माझ्यावर लिहायच्या व्हर्ना लिंडक्विस्ट, रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. आमच्या संघातल्या डेशॉन प्रुइटनं बास्केट केली की त्या आकडा इतका दाबून लिहीत की मागच्या पानावरही उमटे. त्या वर्षी डेशॉनची सरासरी दर सामन्याला एकतीस गुण होती. एकदा तर त्यानं एकाच सामन्यात चोपन्न गुण केले. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. मीही फुगले, खोटं कशाला बोलू?

पण समोर कोण खेळत होतं, यासाठी माझ्यात रकानाच नव्हता. गावाला घरच्या मैदानावर हार बघवत नसे, म्हणून कोच लिंबूटिंबू संघ बोलवायचे. चोपन्नच्या दिवशी समोर धर्मशिक्षण देणाऱ्या एका बायबल कॉलेजचे सातच जण आले होते, आणि त्यातला एक चष्मा दोरीनं बांधून खेळत होता.

मार्चमध्ये ऑस्ट्रँडर आले. ते व्यावसायिक संघासाठी खेळाडू पारखायचे. त्यांच्या उन्हाळी शिबिरात एकच जागा उरली होती आणि डेशॉनचा सगळा जीव तिच्यात अडकला होता. ऑस्ट्रँडर बोट ओलं करून माझी पानं उलटू लागले. "हे सोडा. हेही सोडा."

"अहो, चोपन्न आहेत ते!" बाई तडकल्या.

"बाई, त्या पोरांपुढे या दुखऱ्या गुडघ्यांनी मीसुद्धा वीस केले असते."

शेवटी तीनच पानं उरली, परगावच्या तगड्या संघांविरुद्धची. सात, अकरा, नऊ.

"हे नऊ कसे?" त्यांनी डेशॉनला विचारलं.

"त्यांचा चौदा नंबरवाला अंगाला चिकटूनच होता, सर. पहिल्या अर्ध्यात दोनच झाले. मग कळलं, त्याला पाठीनं अडवून वळायचं. पुढच्या अर्ध्यात सात केले."

"असले आणखी सामने का नाही खेळलास?"

"मागितले होते, सर. कोच म्हणाले, कशाला नसती कटकट!"

ऑस्ट्रँडरनी ती तीन पानं पुन्हा एकदा चाळली. "पोरा, तू शिकतोस ते दिसतंय. पण कुठवर जाशील, ते तीन पानांवरून कसं सांगू?" त्यांनी मला मिटलं. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

परवा डेशॉन आला होता. केस पिकलेत. शाळेतल्या मुलांना खेळ शिकवतो म्हणे. त्यानं शिपायाकडून कपाट उघडून घेतलं आणि नऊचं पान काढलं.

"माझा सगळ्यात चांगला खेळ हा," तो म्हणाला.

तो गेल्यावर शिपायानं मला पुन्हा चोपन्नवर आणून ठेवलं. लोक तेच बघायला येतात.

मित्रांनो, माझी काच रोज पुसतात, त्याची काळजी नको. पण तुमच्यातल्या कुणाचं फार कौतुक होत असेल, तर त्याला वेळीच तोडीस तोड गडी गाठून द्या. हरला तर हरू द्या. आणि कधी इकडे आलात, तर मला तेवढं नऊच्या पानावर उघडून ठेवा. फार कंटाळले आहे मी या चोपन्नला.