कोंबड्यांचं घरचं औषध

लसणानं डोळ्यांना पाणी येत नाही, कांद्यानं येतं. शेजारच्या शिंप्याला हे माहीत आहे. तरी कुंपणावरून वाकून तो म्हणाला, "लसूण फार झोंबतोय वाटतं."

"हो," मी म्हणालो.

"मग इतका कशाला ठेचतोस? कोंबड्यांना औषध देतोयस की फोडणी?"

एरवी मी हसलो असतो. शिंपी वाईट माणूस नाही. बायको गेली तेव्हा चार दिवस मशीन बंद ठेवून तो माझ्या ओट्यावर बसून होता. पण त्या दिवशी मला त्याचा राग आला. मी पाटा उचलला आणि आत गेलो.

बायको दवाखान्यात होती तेव्हा शेवटी शेवटी तिला बोलायला दम पुरत नव्हता. मी निघालो की एवढंच म्हणायची, "कोंबड्यांकडे बघा." ह्यांच्याकडे बघा असं कुणालाच म्हणाली नाही, मला मात्र कोंबड्यांकडे बघायला सांगितलं. ती गेल्यावर मी तेच धरून बसलो. सकाळी खुराडं उघडायचं, कोंडा कालवायचा, पाणी भरायचं. नाहीतर उठायचं कशाला, हा प्रश्नच होता.

मग पावसाची झड लागली. अंगणात चिखल झाला, खुराड्यातला भुसा ओला राहायला लागला. कोंबड्यांचे तुरे फिके पडले. शेपट्या घाण व्हायला लागल्या. एक दिवस विष्ठेत पांढरे दोऱ्यासारखे जंत वळवळताना दिसले.

मी घाबरलो नाही. औषध मला पाठ होतं. लसूण ठेचून पाण्यात घालायचा. लाल भोपळ्याच्या बिया वाटून ताकात कालवायच्या आणि ते कोंड्यात मिसळायचं. ती हे करायची तेव्हा मी कितीदा शेजारी बसून बिया सोलून दिल्या होत्या. बाजारात अंडी विकायला मी जायचो आणि गिऱ्हाइकांना सांगायचो, आमच्या कोंबड्यांना दुकानातलं औषध माहीत नाही, सगळं घरचं. मी मुळात कमी बोलणारा. पण हे मात्र मी रंगवून सांगायचो.

लसूण तिनंच लावलेला होता. तिनं वेणी घालून आढ्याला टांगून ठेवला होता. एकेक गड्डा तोडताना जिवावर यायचं. पण कोंबड्याही तिच्याच होत्या. लसणाच्या पाण्याला त्या तोंड लावीनात, तर मी दुसरं पाणी ठेवायचंच बंद केलं. लंगडी म्हणून एक तांबडी कोंबडी होती. पिल्लू असताना तिच्या पायावरून शिंप्याची सायकल गेली होती, आणि बायकोनं पायाला काडी बांधून तिला वाढवलं होतं. ती खाईनाशी झाली. तिला मांडीवर घेऊन चोच उघडून मी बियांचं ताक पाजायचो. वेणी संपत आली. जंत संपले नाहीत.

मग मेहुणी आली. बायकोची धाकटी बहीण. तिच्याकडेही कोंबड्या आहेत. तिनं पिशवी खाली ठेवली, घोटभर पाणीसुद्धा घेतलं नाही, आधी लंगडीला उचललं. छातीचं हाड चाचपून बघितलं.

"भाऊजी, ही तर नुसतं हाड राहिलीय. औषध कधी दिलं?"

"रोज देतोय."

"रोज?"

"सकाळ-संध्याकाळ. लसूण काय, बिया काय. सगळं ती करायची तस्सं."

"मी लसणाचं विचारत नाही. औषध कधी दिलं?"

मी बियांच्या ताकाची वाटी तिच्यापुढे केली. तिनं लंगडीला हळूच खाली ठेवलं आणि खाटेवर बसली.

"तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अहो, ती दवाखान्याचं औषध द्यायची. गुरांच्या डॉक्टरचं. मी माझ्या कोंबड्यांसाठी आणायचे, त्यातच तिचं आणायचे. लसूण-बियाही द्यायची, नाही असं नाही. कोंबड्या चांगल्या असताना ते ठीक आहे. पण एकदा पोटात जंत भरले की बियांनी काय होतंय?"

"खोटं आहे," मी म्हणालो.

"औषध दिल्यावर डॉक्टर सांगेल तितके दिवस अंडी खायची नसतात, विकायची नसतात. तेव्हा ती काय करायची आठवा."

मला आठवलं. वर्षातून दोन-तीनदा ती म्हणायची, कोंबड्या रुसल्यात, अंडी देत नाहीत. मी विचारायचो, त्यांना कोण काय बोललं? ती म्हणायची, तुमच्याशिवाय कोण बोलणार? आणि आम्ही दोघं हसायचो. कोंबड्या रुसल्या नव्हत्या. अंडी देत होत्या. मेहुणी म्हणाली, ती अंडी परसात खड्डा करून पुरायची.

"मला का नाही सांगितलं?"

"मी म्हटलं होतं तिला, सांगून टाक. तर म्हणाली, बाजारात त्यांना तेवढंच बोलायला मिळतं. एरवी तोंडाला कुलूप. घरच्या औषधाचं निघालं की चार माणसांत बोलतात, हसतात. बोलू दे की."

मी आढ्याकडे बघितलं. वेणीचं नुसतं वाळलेलं टोक लोंबत होतं. तिच्या हातचा तेवढाच लसूण होता, तो मी सगळा ठेचला. बी म्हणून लावायलाही एक गड्डा मागे ठेवला नाही.

मेहुणी मुक्कामाला राहिली. सकाळी डॉक्टरकडे जाऊन औषध आणलं. तिनं मला पाण्यात किती घालायचं ते दाखवलं. ओला भुसा काढून आम्ही खुराडं कोरडं केलं, खाली राख टाकली. शिंपी न बोलावता फावडं घेऊन आला. त्यानं अंगणातून पाण्याला चर काढून दिला आणि त्या दिवशी एकही चेष्टा केली नाही.

बाकीच्या कोंबड्या सावरल्या. लंगडी नाही. तिच्यात काही उरलंच नव्हतं. दुपारी माझ्या मांडीवर असताना तिनं मान टाकली. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, तुम्ही मुद्दाम नाही केलं." मी म्हटलं, "मुद्दाम केलं असतं तर बरं. मी जीव लावून केलं."

बाजाराच्या दिवशी अंडी न्यायची नव्हती. तरी मी गेलो. नेहमीच्या जागी उभा राहिलो. पोस्टातल्या बाई माझं जुनं गिऱ्हाईक. त्या पिशवी घेऊन आल्या.

"आज टोपली नाही?"

"नाही. कोंबड्यांना औषध दिलंय. दवाखान्याचं." मग मी सगळंच सांगून टाकलं. म्हटलं, "बाई, मी तुम्हाला इतकी वर्षं खोटं सांगत होतो. घरच्या औषधावर काही नव्हतं. मला आत्ता कळलं."

बाईंनी पिशवीची घडी घातली.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"कसं?"

"वहिनींनीच सांगितलं होतं. एकदा मी लेकीसाठी अंडी न्यायला घरी आले होते, तेव्हा. म्हणाल्या, अंडी चांगली आहेत, काळजी करू नका, औषधाच्या दिवसातली मी विकत नाही. पण ह्यांना काही बोलू नका. ते सांगतील ते ऐकून घ्या."

म्हणजे मी बोलायचो तेव्हा त्या ऐकून घेत होत्या. आणि ऐकणारं माणूस माझ्यासाठी बायकोनं आधीच ठरवून ठेवलेलं होतं.

मला वाटलं, आता बाई जातील. विकायला माझ्याकडे काही नव्हतं आणि सांगायलाही काही उरलं नव्हतं. पण त्या गेल्या नाहीत. शेजारच्या भाजीवाल्याचं रिकामं खोकं त्यांनी ओढलं आणि त्यावर बसल्या.

"बोला," त्या म्हणाल्या. "कोणती कोंबडी गेली?"

मी लंगडीचं सांगितलं. मग तिच्या पायाला काडी कुणी बांधली ते सांगितलं. मग दवाखान्यातलं सांगितलं. बायको गेल्यापासून ते मी शिंप्यालाही सांगितलं नव्हतं, मेहुणीलाही नाही. भर बाजारात उभा राहून मी बोलत होतो आणि मला थांबता येत नव्हतं. भाजीवाल्यानं तराजू खाली ठेवला.