पाहुण्याचं पाणी

"पाणी घ्या की, सायेब. उनाचं आलाय."

"नको नको. आहे माझ्याकडं," असं म्हणत गुरुशांतनं पिशवीतली बाटली काढली आणि घोट घेतलासुद्धा.

मीनाबाईंच्या हातातला तांब्या पुढं केलेला होता, तो तसाच राहिला. चिंचेनं घासून लख्ख केलेला पितळी तांब्या, त्यावर पालथं फुलपात्र. मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिला ताजा हार. गुरुशांतनं ते सगळं आत्ता पाहिलं, बाटलीचं झाकण लावताना. एवढी वर्षं घरोघरी फिरून माती-पाण्याचे नमुने गोळा करणारा माणूस, पण अक्कल नेमकी त्याच वेळी चरायला गेली होती.

दाराशी मीनाबाईंची मुलगी प्रतिक्षा उभी होती. नर्सिंग शिकत होती, तोंडानं फटकळ.

"आई, ठेव ते आत. साहेबांना आपल्यातलं चालत नसंल."

गुरुशांतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. अक्कलकोटच्या बाजूला त्याचं गाव. तिथं अंगणात त्याची आजी नागव्वा मजुरांना वरून पाणी ओतायची. खाली वाकलेली माणसं, जोडलेल्या ओंजळी, आणि आजी तांब्या कुणाला लागू नये म्हणून हात उंच धरून उभी. तसलं आपल्या हातून कधी होणार नाही, असं तो जुळे सोलापुरातल्या आपल्या फ्लॅटमध्ये बसून पोरांना ऐकवायचा.

आणि खरं कारण तर वेगळंच होतं! वस्तीला लागून जलशुद्धीकरण केंद्र होतं. तिथं फिल्टर धुतले की गढूळ पाणी मागच्या नाल्यात सुटायचं, आणि नाला जायचा वस्तीच्या विहिरीच्या अंगावरून. आता केंद्र वाढवायचं ठरलं होतं, विहिरीजवळच गाळाचे हौद खणायचे होते. त्याआधी पर्यावरणाचा अहवाल लागतो. तो करायचं काम गुरुशांतच्या कंपनीकडं होतं. विहिरीच्या पाण्याचा निकाल सकाळीच त्याच्या मोबाईलवर आला होता : पिण्यास अयोग्य.

लगेच मालकांचा, गुरुराज सरांचा फोन. "लोकांसमोर जनसुनावणी होईपर्यंत तोंडाला कुलूप. अहवालात 'वापराची विहीर' लिहायचं, पिण्याची नाही. काम अडलं तर सगळ्यांच्याच पोटावर पाय येईल, गुरुशांत. तुमच्या वयाला दुसरी नोकरी कोण देतो?"

म्हणजे खरं बोलायची सोय नाही, आणि गप्प बसावं तर ही माणसं भलतंच समजणार. इकडं आड, तिकडं विहीर. मग गुरुशांतनं तिसरंच केलं. पुढं होऊन मीनाबाईंच्या हातातला तांब्या घेतला, तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत प्यायला. आपण विष पितोय असंच त्याला वाटत होतं. खोटं कशाला बोला, त्या विषाचा त्याला थोडा अभिमानही वाटला.

"असं!" मीनाबाईंचा चेहरा उजळला. "आता च्या घ्या."

दाराबाहेरून शेजारचा हणमंत रिक्षावाला हे बघत होता. त्यानं कौतुकानं मान हलवली.

पुढच्या आठवड्यात बुद्धविहारासमोर मांडव घालून सुनावणी झाली. मंचावर अधिकारी, शेजारी गुरुराज सर, कडेच्या खुर्चीवर गुरुशांत. प्रतिक्षा उभी राहिली.

"गाळाचे हौद आमच्या विहिरीला चिकटून येणार. विहिरीचं पाणी तपासलंय का?"

"ती वापराची विहीर आहे," गुरुराज सर हसून म्हणाले. "पिण्याच्या पाण्याचा उद्भव नाही तो."

"आवो, आमी तेच पितोय की!" बायका एकदम ओरडल्या. कुणी म्हणे वास मारतोय, कुणी म्हणे पोरांची पोटं सारखी बिघडतात. गलका वाढला. तेवढ्यात हणमंत हात वर करून उठला.

"पोरी, जरा गप बस. मी सांगतो. ह्ये सायेब मीनाबाईच्या घरला आलते. तांब्याभर पाणी पिले, माज्या डोळ्यांनं बगितलंय. माज्या बापाच्या टायमाला हितं येऊन पाणी कोण पीत नव्हतं. ह्या मानसानं आमचा मान ठेवला. पाणी वाईट असतं तर शिकला-सवरलेला माणूस पिला असता व्हय?"

लोक शांत झाले. दोघा-तिघांनी टाळ्याही वाजवल्या. गुरुराज सर वाकून कुजबुजले, "कमाल केलीत हो तुम्ही! चहाला सुट्टी देऊ, मग इतिवृत्त वाचलं की झालं."

धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात, ते कसं वाटत असेल हे गुरुशांतला त्या खुर्चीवर कळलं. उठावं, बोलावं, असं शंभरदा वाटलं. पाय उचलला नाही. लोक कृतज्ञतेनं त्याच्याकडं बघत होते आणि तो चपलेचा अंगठा बघत होता.

चहाच्या गडबडीत तो मीनाबाईंकडं गेला. त्या मांडवाच्या खांबाला टेकून एकट्याच बसल्या होत्या.

"मीनाबाई, विहिरीचं पाणी पिऊ नका. खराब आहे ते. मला त्या दिवशीच ठाऊक होतं."

मीनाबाईंनी मान वर केली. "ठावं हुतं? मंग तुमी कसं काय पिला?"

"लाज वाटली," तो कसाबसा म्हणाला.

मीनाबाईंनी हातातला कप खाली ठेवला.

"तुमी हिरीचं पिलाच न्हाय, सायेब. ते जारचं हुतं. हिरीच्या पाण्याला वास येतोय, पावण्याला कसं द्यायचं ते? पावण्यापुरता जार इकत आणतोय आमी. आमाला रोज कुटला परवडतोय!"

"मग हणमंत बोलले तेव्हा तुम्ही..."

"मी आन् पोरगी, दोगीबी उटणारच हुतो. मंग म्हनलं, सायेब बसल्यात की तितं. ते उटतील."

रागानं बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साधेपणानं सांगितलं.

इतिवृत्त वाचून झालं, कुणाला काही बोलायचंय का असं अधिकाऱ्यांनी विचारलं, तेव्हा गुरुशांत उभा राहिला.

"विहिरीचं पाणी पिण्याजोगं नाही. तपासणीचा निकाल आधीच आला होता, तो मी दाबून ठेवला. आणि मी प्यायलो ते विहिरीचं पाणी नव्हतं. त्यांनी मला जारचं दिलं होतं."

टाळी पडली नाही. शिव्याही पडल्या नाहीत, त्या पडायला हव्या होत्या. अधिकाऱ्यांनी त्याचं म्हणणं लिहून घ्यायला सांगितलं. हणमंतनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खाली बघत बसला. गुरुशांतला तेवढं मात्र बघवेना.

गुरुराज सरांची गाडी त्याला न घेताच धुरळा उडवत निघून गेली. तो चालत निघाला. वाटेत मीनाबाईंचं घर. त्या माठ उचलून बाहेर आल्या होत्या, सकाळीच भरलेला. अंगणात लिंबाचं रोप होतं. त्याच्या बुडाशी त्यांनी माठ तिरका केला, मग थबकल्या. रोपाला वळसा घालून रस्त्यापर्यंत गेल्या आणि तिथं तो रिकामा केला. प्रतिक्षा जार पालथा घालून, आत काही उरलंय का बघत होती. एक थेंब पडला नाही.

मीनाबाईंनी त्याला पाहिलं. सवयीनं त्यांचा हात दाराशेजारच्या तांब्याकडं गेला आणि मागं आला. घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायचं राहिलं, असं त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच झालं असावं. पदरानं तोंड पुसून त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

गुरुशांतनं पिशवीतली बाटली काढली. भरलेली होती. दोन पावलं पुढं होऊन त्यानं ती दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरली.

"घ्या, मीनाबाई. पोरीला तरी द्या."

"नको, सायेब," मीनाबाई हळूच म्हणाल्या. "हाय आमच्याकडं."